गावातील अर्थसाक्षरता वर्ग : मोठ्यांना आणि मुलांना नेमके काय शिकवावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाने अर्थसाक्षरतेचा वर्ग वर्षभर नियमितपणे चालवावा, असा ठराव कार्यकारी मंडळाने केला असून त्याच्या आखणीची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. गाव सांगली जिल्ह्यात, उसाच्या पट्ट्यात आहे. येथे घरात पैसा येतो तो कारखान्याच्या ऊसबिलातून, दुधाच्या दहा दिवसांच्या बिलातून आणि मजुरीतून. बाहेर जातो तो मात्र आठवड्याच्या किंवा पंधरवड्याच्या हप्त्यांनी, कारण जवळजवळ प्रत्येक गल्लीत महिलांनी गटाने घेतलेली फायनान्स कंपन्यांची कर्जे आहेत. ऊसबिल लांबले की एक हप्ता भरण्यासाठी दुसरे कर्ज काढले जाते आणि दुसऱ्यासाठी भिशी मोडली जाते. हा प्रकार मी शेजारीपाजारी रोज पाहतो.

गेल्या वर्षी एका बँकेने गावात जागृती मेळावा घेतला होता. दीपप्रज्वलन झाले, पाच भाषणे झाली, पत्रके वाटली गेली आणि छायाचित्र काढून सर्व जण परतले. समोर बसलेल्या बायकांपैकी एकीनेही प्रश्न विचारला नाही. त्यांच्याकडे प्रश्न नव्हते म्हणून असे झाले नाही. बँकेत पैसे अडकलेल्या सासूबद्दल किंवा मोबाइलवरून गेलेल्या तीन हजारांबद्दल व्यासपीठावरच्या माणसाला चारचौघांत कसे विचारायचे, हा त्यांच्यापुढचा पेच होता.

आमच्याकडे एक खोली, एक फळा, रविवारची दुपार आणि साधारण तीस जणींची उत्सुकता आहे. आया येतील तेव्हा मुलेही येतील, म्हणून मुलांसाठी शेजारच्या खोलीत वेगळा वर्ग घ्यावा असा विचार आहे. वर्ग कोणत्या विषयापासून सुरू करावा, कोणाला बोलवावे आणि कोणाला बोलवू नये, तसेच मुलांना किती आणि काय सांगावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त_शाखाधिकारी

आपला उपक्रम मनापासून आवडला. पस्तीस वर्षे ग्रामीण आणि निमशहरी शाखांत काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, वर्गाची सुरुवात भाषणाने करूच नये. प्रत्येकीला आपले पासबुक भरून आणायला सांगावे आणि पहिले दोन तास केवळ त्या पासबुकातील नोंदी वाचण्यात घालवावेत.

यामागचे कारण सांगतो. मे महिन्याच्या अखेरीस लाखो बचत खात्यांतून ४३६ रुपये आणि २० रुपये वजा होतात. पहिली नोंद प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची आणि दुसरी सुरक्षा विम्याची असते. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात, तर दुसरा विमा अपघाती मृत्यू आणि अपंगत्वासाठी आहे. खातेदाराने कधीतरी सही केलेली असते, पैसेही दरवर्षी जात असतात. पण घरातल्या माणसांना त्याचा पत्ता नसतो आणि माणूस गेल्यावर दावा करायला कोणीच येत नाही. माझ्या शाखेत एका विधवा बाईंचे पासबुक मी सहज चाळत होतो, तेव्हा त्यात पतीच्या नावापुढे ही नोंद सापडली. तोवर त्या बाई दिवसकार्याचे कर्ज फेडत होत्या. पासबुक वाचता येणे म्हणजे काय, हे त्या दिवशी शाखेतील आम्हा सर्वांना समजले.

दुसरा विषय ठेवींचा घ्यावा. बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख रुपये झाली आहे. ही मर्यादा एका ठेवीदाराला एका बँकेसाठी, सर्व शाखा मिळून आणि मुद्दल व व्याज धरून लागू होते. हे संरक्षण नागरी सहकारी बँकांना आणि जिल्हा मध्यवर्ती बँकांनाही आहे. पतसंस्थांना मात्र ते नाही. आपल्या भागात पतसंस्थेलाही लोक सर्रास ‘बँक’च म्हणतात, पिग्मी गोळा करणारा ओळखीचा असतो, संचालक नात्यातले असतात आणि अर्धा-एक टक्का व्याज जास्त मिळते, म्हणून निवृत्तीची सगळी पुंजी तेथे ठेवली जाते. पतसंस्था वाईट असतात असे मी मुळीच म्हणत नाही. उत्तम चाललेल्या कितीतरी संस्था मला ठाऊक आहेत. परंतु सभासदाने वार्षिक अहवाल मागावा, लेखापरीक्षणाचा वर्ग अ आहे की ड हे पाहावे, थकबाकीचे प्रमाण विचारावे आणि सगळी रक्कम एकाच ठिकाणी ठेवू नये, एवढे तरी वर्गात शिकवायलाच हवे.

उमेदसखी

मी गेली काही वर्षे बचत गटांबरोबर काम करते आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि हिशोबलेखन ही पंचसूत्री आमच्या गटांतील बायकांना तोंडपाठ आहे. त्यामुळे त्यांना काहीच येत नाही, असे गृहीत धरून वर्ग सुरू केलात, तर त्या पुढच्या रविवारी येणार नाहीत. त्यांना व्याज समजते, पण ते ‘शेकडा दोन’ या भाषेत, म्हणजे महिन्याला शंभराला दोन रुपये. बँक आणि कंपनी बोलते ती वर्षाच्या टक्क्यांत. सगळी फसगत या दोन भाषांच्या मध्ये होते.

मी वर्गात चिंचोके वापरते. गटातून दहा हजारांचे कर्ज शेकडा दोन दराने घेतले आणि दरमहा एक हजार मुद्दल फेडायचे ठरले, असे समजा. दहा चिंचोके मांडायचे; प्रत्येक चिंचोका म्हणजे देणे असलेले एक हजार रुपये आणि त्याचे महिन्याचे व्याज वीस रुपये. पहिल्या महिन्यात दहा चिंचोके, म्हणून व्याज दोनशे. हप्ता दिला की एक चिंचोका उचलायचा. दुसऱ्या महिन्यात नऊ चिंचोके, व्याज एकशे ऐंशी. असे करत शेवटच्या चिंचोक्यापर्यंत आलो की एकूण व्याज ११०० रुपये होते. आता दुसरा सावकार किंवा कंपनी म्हणते, “आमचा दर वर्षाला फक्त चौदा टक्के.” पण हा दर सपाट असतो, म्हणजे चिंचोके उचलले तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारांवर चालू राहते. दहा महिन्यांचे ते व्याज ११६७ रुपये होते. शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, आणि तरीही ते ‘चौदा टक्क्यां’पेक्षा स्वस्त पडले! हे चिंचोके जमिनीवर मांडून दाखवले की बायका एकदम गप्प होतात आणि मग एकेक जण पिशवीतून स्वतःचे कर्जाचे कार्ड बाहेर काढते. खरा वर्ग तिथून सुरू होतो.

कार्ड वाचताना काय पाहायचे, तेही सांगते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेले विनातारण कर्ज हे सूक्ष्म कर्ज मानले जाते. अशा घराच्या सर्व कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. कार्ड कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे, मुदतीआधी फेड केली तर दंड लागत नाही, आणि वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही. हप्ता ठरलेल्या ठिकाणी द्यायचा असतो; तिथे लागोपाठ दोनदा वा अधिक वेळा न गेल्यासच वसुलीला घरी येता येते. हे नियम बायकांना माहीत नसतात आणि माहीत झाले तरी एकटीने बोलण्याचे धाडस होत नाही. पण गटाने मिळून कार्ड वाचले असेल, तर सेंटरच्या, म्हणजे कंपनीच्या कर्जदार बायकांच्या हप्त्याच्या बैठकीत त्या एका सुरात विचारतात, हे मी पाहिले आहे.

एक विनंती आहे. वर्गात कोणाकडे किती कर्ज आहे, हे मोठ्याने विचारू नका. नवऱ्याला न सांगता काढलेली कर्जे असतात.

आकडेमोड

या विषयावर जगभर बरेच प्रयोग झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष आपल्या आखणीला उपयोगी पडतील, म्हणून लिहितो.

अहमदाबादमध्ये शहरी गरीब कुटुंबांना चित्रफितींच्या साहाय्याने आर्थिक शिक्षण देण्याचा एक मोठा प्रयोग झाला. केवळ वर्गाला बसलेल्यांच्या वागण्यात फारसा फरक पडला नाही. परंतु ज्यांना त्याबरोबर स्वतःचे एक उद्दिष्ट ठरवायला लावले आणि नंतर व्यक्तिशः सल्ला दिला, त्यांच्यात बदल दिसला. डॉमिनिकन प्रजासत्ताकात छोट्या व्यावसायिकांच्या एका गटाला पद्धतशीर हिशोबशास्त्र शिकवले आणि दुसऱ्या गटाला ‘घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा वेगळ्या कप्प्यात ठेवा’ अशा प्रकारचे मोजके ठोकताळे दिले. सुधारणा दिसली ती ठोकताळे मिळालेल्या गटात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात असे आढळले होते की शिकवलेले कालांतराने विसरले जाते आणि शिक्षणाचा प्रत्यक्ष वागणुकीवरचा परिणाम अगदीच थोडा असतो. नंतरच्या, अधिक काटेकोर प्रयोगांवर आधारलेल्या आढाव्यांनी हे चित्र बरेच सुधारले आहे. तरीही निर्णयाच्या जितके जवळ जाऊन शिकवावे तितके ते टिकते, हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो.

यावरून माझी सूचना अशी की, आपले वेळापत्रक गावाच्या पैशाच्या वेळापत्रकाशी जुळवावे. ऊसबिल येण्याच्या आधीच्या आठवड्यात ठेवी आणि कर्जफेडीचा वर्ग, मेमध्ये विम्याचा, शाळा सुरू होण्यापूर्वी शिक्षणखर्चाचा आणि लग्नसराईच्या आधी सोनेतारणाचा, अशी मांडणी असेल तर ऐकलेले लगेच वापरता येईल. बाराही महिने क्रमाने ‘धडा पहिला, धडा दुसरा’ असे करण्यापेक्षा हे निश्चितच फलदायी होईल.

फळा_आणि_खडू

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि मुलांच्या वर्गाबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण मोठ्यांच्या वर्गाची छोटी आवृत्ती म्हणजे मुलांचा वर्ग, असा समज पुष्कळ ठिकाणी दिसतो.

या कामाची मोठी परंपरा आपल्याकडे आहे. शाळांतील संचयिका, म्हणजे विद्यार्थ्यांची बचत योजना, अनेकांना आठवत असेल. मुंबईत १९९१ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या क्षेत्रीय उपक्रमातून ‘मेलजोल’ सुरू झाली आणि जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने त्या कामातून ‘अफलातून’ हा कार्यक्रम आकाराला आला. पुढे २००५ मध्ये नेदरलँड्समधून त्याचे आंतरराष्ट्रीय काम सुरू झाले आणि आज तो कितीतरी देशांत चालतो. त्यात मुले आपली बचत बँक स्वतः चालवतात आणि जमाखर्च स्वतः लिहितात. पण त्याचा पाया आहे मुलांचे हक्क आणि जबाबदाऱ्या यांवरील संवाद. बचत त्यानंतर येते. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. नुसती बचत शिकवली, तर ज्या घरात वाचवायलाच काही नाही त्या मुलाला आपल्या आईवडिलांचेच काहीतरी चुकते आहे, असे वाटू लागते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की, कोणत्या मुलाने किती पैसे जमवले, हे फळ्यावर कधीही लिहू नये, त्याची स्पर्धा लावू नये आणि बक्षीस तर मुळीच देऊ नये. प्रत्येक मुलाची वही त्याच्याकडे आणि कपाटाची किल्ली मुलांनीच निवडलेल्या दोघांकडे असावी. रक्कम मोजताना एक शिक्षक आणि एक पालक हजर असावा.

दुसरे म्हणजे बालबाजार भरवावा. आमच्या शाळेत तो दरवर्षी भरतो आणि मुले मेथीच्या जुड्या, भेळ, उकडलेल्या शेंगा, लिंबू सरबत विकायला आणतात. पूर्वी दिवसअखेर ‘किती रुपयांची विक्री झाली’ एवढेच विचारले जायचे. आता आम्ही प्रत्येकाकडून दोन रकान्यांचा कागद भरून घेतो. एका मुलीने मागच्या बाजारात दोनशे ऐंशी रुपयांची भेळ विकली आणि ती फार खूश होती. चुरमुरे, फरसाण, कांदा, चिंच, गूळ आणि कागदी डिश यांचा खर्च मांडल्यावर हातात पस्तीस रुपये उरले. मग तिने आपणहून विचारले, “बाई, आईने सकाळी दोन तास कांदा चिरला, चटणी केली, ते कुठे लिहायचं?” त्या प्रश्नावर आम्ही पुढचे दोन तास वर्गात बोललो. घरात आणि शेतात आई जे काम करते त्याची किंमत, मजुरी म्हणजे काय, नफा कोणाचा, हे सगळे सहावीच्या मुलांना उत्तम समजते.

बँकेचे सांगायचे तर, रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना, बँकेने ठरवलेल्या मर्यादेत, बचत खाते स्वतः उघडता आणि चालवता येते. मुलांना शाखेत न्यावे, भरणा-पावती स्वतः भरू द्यावी. लहान मुलांसाठी मात्र हवे आणि हवेहवेसे यांतला फरक, वाट पाहणे आणि जाहिरात ओळखणे, एवढे पुरे आहे. मोबाइलवरील खेळांत पैसे कसे जातात, हा विषय मोठ्या मुलांबरोबर जरूर घ्या; आमच्या गावात तो दारूइतकाच गंभीर झाला आहे.

वारणाकाठचा

छान चर्चा चालू आहे. एक व्यवहार्य सूचना करतो. आमच्याकडे अशाच वर्गाचा चहापाण्याचा आणि वह्यांचा खर्च स्थानिक विमा प्रतिनिधींनी आणि म्युच्युअल फंडाच्या वितरकांनी उचलला आणि व्याख्यानेही त्यांनीच दिली. त्यांना विषय माहीत असतो, बोलण्याची सवय असते आणि वाचनालयावर भार पडत नाही. आपणही विचार करावा.

निवृत्त_शाखाधिकारी

वारणाकाठचा यांचा हेतू चांगला आहे, परंतु या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे. ज्याचे उत्पन्न विक्रीच्या कमिशनवर अवलंबून आहे, तो कितीही सज्जन असला तरी, ‘तुम्हाला याची गरज नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडून सहसा निघत नाही. वर्गात शिकलेल्या माणसाने दुसऱ्याच आठवड्यात वीस वर्षांची, हप्ता न झेपणारी पॉलिसी घेतली, तर ते आपले अपयश ठरेल. वर्गात कोणाचेही भेटकार्ड वाटले जाणार नाही, कोणाचेही फोन नंबर बाहेर दिले जाणार नाहीत आणि कोणतेही अर्ज भरून घेतले जाणार नाहीत, असा नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहावा.

विनामूल्य आणि विक्रीशी संबंध नसलेली माणसे मिळतात. ग्रामीण शाखांनी आर्थिक साक्षरतेची शिबिरे घेणे अपेक्षित असते. शिवाय अग्रणी जिल्हा व्यवस्थापकांना, म्हणजे जिल्ह्यातील बँकांच्या कामाचा समन्वय पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना, पत्र लिहिल्यास तालुक्याच्या आर्थिक साक्षरता केंद्राशी जोडून मिळते. २०१७ पासून रिझर्व्ह बँकेने स्वयंसेवी संस्थांच्या सहभागातून अशी केंद्रे सुरू केली आहेत. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राचे आणि सेबीचे नेमलेले प्रशिक्षकही येतात.

एक_रुपया

मोबाइलच्या व्यवहारांबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडक्यात. ‘फसवणुकीपासून सावध राहा’ असे सांगून भीती वाढते, कौशल्य वाढत नाही. दोघी-दोघींच्या जोड्या करून एकीने दुसरीला प्रत्यक्ष एक रुपया पाठवावा आणि तिने तो परत करावा. पैसे पाठवणाऱ्या बाजूलाच पिन विचारला जातो, घेणाऱ्या बाजूला कधीच विचारला जात नाही, हे हाताला एकदा कळले की ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असे सांगणारा फोन लगेच ओळखू येतो. लग्नपत्रिका किंवा सरकारी योजनेच्या नावाने येणारी एपीके फाइल (फोनमध्ये बाहेरचे अॅप बसवणारी फाइल) कशी दिसते, तेही पडद्यावर दाखवा आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये तिथेच साठवून घ्या. पैसे गेल्यावर पहिले काही तास सर्वांत महत्त्वाचे असतात आणि लाजेपायी नेमके तेच वाया जातात.

माणदेशी_माती

निरक्षर बायकांना हे जमेल का, अशी शंका मंडळात कोणी काढलीच तर म्हसवडचे उदाहरण द्यावे. चेतना गाला सिन्हा आणि तेथील महिलांनी बँक काढण्यासाठी केलेला पहिला अर्ज प्रवर्तक महिला निरक्षर असल्याच्या कारणावरून नाकारला गेला. त्या बायकांनी अक्षरे गिरवली, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या की आम्हाला वाचता येत नसेल, पण व्याज तोंडी काढता येते. तुमच्या अधिकाऱ्यांनी गणकयंत्र न घेता आमच्याबरोबर हिशोब करून पाहावा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आमच्या भागातील मुली ही गोष्ट ऐकत मोठ्या झाल्या आहेत आणि बँकेच्या पायऱ्या चढताना त्यांना आज जी भीती वाटत नाही, तिचे बरेचसे श्रेय मी या गोष्टीला देते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या सूचनांवरून मंडळापुढे ठेवण्यासाठी आराखडा केला आहे. पहिला रविवार पासबुकांचा, दुसरा चिंचोक्यांचा आणि कर्जाच्या कार्डांचा, तिसरा एक रुपयाचा. त्यानंतरचे विषय ऊसबिल, मे महिना आणि शाळेचा हंगाम पाहून ठरतील. मुलांसाठी दिवाळीनंतर बालबाजार आणि त्यानंतर बचत बँक. विक्रेत्यांना प्रवेश नाही, हे ठरावातच घालत आहे.

एक अडचण उरते. कार्ड वाचल्यावर एखादीचे कर्ज खरोखरच हाताबाहेर गेलेले आढळले किंवा तिच्याकडून बेकायदा वसुली होत असल्याचे लक्षात आले, तर वर्गाने काय करावे? नुसती माहिती देऊन तिला घरी पाठवणे मला पटत नाही.

उमेदसखी

पटू नयेच. तिला वर्ग संपल्यावर थांबवून घ्या आणि सर्व देणी एका कागदावर मांडा. कोणाचे किती, दर किती, तारीख कोणती. बहुतेकींनी हे पूर्वी कधीच एकत्र लिहिलेले नसते. सर्वांत महाग कर्ज आधी कमी करण्यासाठी गटाकडून अंतर्गत कर्ज मिळू शकते का, ते पाहावे आणि नवे कर्ज पूर्ण थांबवावे. कंपनीची तक्रार असेल तर आधी कंपनीकडेच लेखी द्यावी, पोच घ्यावी, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्याला शुल्क लागत नाही. परवाना नसलेला सावकार असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली सहकार खात्याच्या तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते. जमीन लिहून घेतली असेल तर ती परत मिळवण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे.

या सगळ्यासाठी अर्ज नीट लिहून देणारे माणूस वर्गात हवे. आमच्या ग्रामसंघाची (गावातील बचत गटांच्या संघाची) लिपिका हे काम चांगले करते आणि तिचे माहेर तुमच्याच तालुक्यात आहे. तुमचा रविवार ठरला की कळवा. पहिल्या दोन वर्गांना मी तिला घेऊन येते.